मुबाहला : नजरानपासून फतेहपूर सीकरीपर्यंत

धर्मासंबंधीचा वाद शेवटी कोणी मिटवावा, हा प्रश्न फार जुना आहे. शास्त्रार्थाने तो मिटत नाही, कारण उभय पक्षांची प्रमाणे निराळी असतात. राजाने निवाडा केला तर हरलेला पक्ष गप्प बसतो, पण त्याचे मन पालटत नाही. अशा वेळी वादाचा निकाल ईश्वरावरच सोपवावा, ही कल्पना अनेक समाजांत उदयास आली. इस्लामच्या परंपरेत तिला जे रूप मिळाले त्यास 'मुबाहला' असे नाव आहे. अरबी भाषेतील 'बहल' म्हणजे शाप. वाद घालणाऱ्या दोन पक्षांनी समोरासमोर यावे, आपापली प्रिय माणसे सोबत आणावी, आणि आपल्यापैकी जो असत्य बोलत असेल त्याच्यावर अल्लाचा कोप होवो, अशी एकमुखाने प्रार्थना करावी, असा हा विधी आहे. यात न्यायाधीश नाही, साक्षीदार नाही, पुरावा नाही. आहे ती केवळ प्रार्थना, आणि तिच्यानंतरची प्रतीक्षा.

मराठी वाचकास येथे 'दिव्या'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने तुला, अग्नी, जल, विष व कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांत उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढण्याचे 'रवा दिव्य' प्रसिद्धच आहे. हात बांधून त्यावर मोहर करीत आणि ठरल्या दिवशी पंचांसमोर तो उघडून पाहत. परंतु दिव्य आणि मुबाहला यांत मोठे अंतर आहे. दिव्याने ठरे ती पाटीलकी कोणाची, शेताची हद्द कोठवर, अशी ऐहिक बाब. शिवाय निकाल सांगण्यास गोतसभा बसलेली असे. मुबाहल्यात वाद असतो तो श्रद्धेचा, आणि निकाल सांगणारे कोणी नसते. पाच दिव्यांपैकी 'कोश' तेवढे त्याच्या जवळ जाते. देवतेच्या स्नानाचे तीर्थ प्राशन करून चौदा दिवसांत काही अरिष्ट न आले तर मनुष्य शुद्ध, असा तो नियम आहे. वाट पाहण्याचे तत्त्व दोन्हींत समान आहे. मात्र स्मृतिकारांनी चौदा दिवसांची मुदत घालून दिली, तशी मुदत मुबाहल्यास मूळ वचनात नाही. या एका उणिवेतून पुढे केवढे वाद माजले, ते ओघाने येईलच.

मुबाहल्याचे मूळ नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाच्या हकीकतीत आहे. नजरान हे अरबस्तानाच्या दक्षिणेस, येमेनच्या सीमेलगतचे सुपीक खोरे असून सध्या ते सौदी अरेबियात मोडते. तेथील ख्रिस्ती समाज इस्लामपूर्व काळापासून नांदत होता आणि त्याने धर्मासाठी मोठी किंमतही मोजली होती. इ. स. ५२३ च्या सुमारास हिम्यरचा यहुदी धर्म स्वीकारलेला राजा धू नुवास याने तेथील ख्रिस्ती लोकांची कत्तल केली. कुराणाच्या ८५ व्या सूऱ्यात अग्नीच्या खंदकात श्रद्धावंतांना लोटणाऱ्यांचा जो उल्लेख आहे, तो अनेक भाष्यकार याच घटनेशी जोडतात. म्हणजे ज्यांचे पूर्वज श्रद्धेपायी आगीत गेले, असे हे लोक होते. ते भित्रे होते असे म्हणता येणार नाही.

मक्का जिंकली गेल्यानंतर अरबस्तानातील टोळ्यांची शिष्टमंडळे मदिनेस येऊ लागली. त्यांतच, हिजरी सनाच्या नवव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ६३१ च्या सुमारास, नजरानचे लोक आले. इब्न इसहाकच्या चरित्रग्रंथानुसार ते साठ स्वार होते आणि त्यांत चौदा प्रतिष्ठित पुरुष होते. राजकारणाची सूत्रे 'आकिब' म्हणजे अब्दुल मसीह याच्या हाती, प्रवासाची व्यवस्था 'सय्यद' म्हणजे अयहम याच्याकडे, आणि धर्माचा अधिकार बिशप अबू हारिसा बिन अल्कमा याच्याकडे होता. प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांनी पैगंबरांच्या मशिदीतच पूर्वेकडे तोंड करून आपली उपासना केली, आणि महंमद पैगंबरांनी ती करू दिली, अशी नोंद आहे.

वाद झाला तो येशूच्या स्वरूपाविषयी. पित्यावाचून जन्मलेला येशू ईश्वराचा पुत्र नव्हे तर काय, हा नजरानकरांचा मुद्दा. आणि आदमला तर पिता नव्हता व माताही नव्हती, मग त्याला काय म्हणाल, हा कुराणाचा प्रतिप्रश्न. तिसऱ्या सूऱ्याचा आरंभीचा मोठा भाग परंपरेने याच चर्चेशी जोडला जातो. युक्तिवाद संपले तरी कोणीही मागे सरेना. तेव्हा त्याच सूऱ्याच्या ६१ व्या आयतीत आव्हान आले : उभय पक्षांनी आपले पुत्र, आपल्या स्त्रिया आणि आपण स्वतः एकत्र यावे आणि असत्यवादी असेल त्याच्यावर अल्लाचा शाप मागावा.

दुसऱ्या दिवशीचे चित्र हदीस-वाङ्मयात आले आहे. साद बिन अबी वक्कास यांच्या नावे 'सहीह मुस्लिम'मध्ये असलेल्या कथनानुसार, ही आयत उतरली तेव्हा पैगंबरांनी अली, फातिमा, हसन आणि हुसेन यांना बोलावून घेतले आणि हेच माझे कुटुंबीय असे म्हटले. जावई, कन्या आणि दोन लहान नातू. सैन्य नाही, अनुयायांचा समुदाय नाही. असत्याची शिक्षा भोगावी लागली तर ती ज्यांच्यावर कोसळेल अशी सर्वांत जवळची माणसेच त्यांनी पणाला लावली होती. येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. इब्न इसहाकच्या कथनात मुबाहल्याचे आव्हान आहे, पण या चौघांचा उल्लेख नाही. पुढील काळात शिया आणि सुन्नी यांच्यात या प्रसंगाच्या अर्थाविषयी जो मतभेद झाला, त्याच्या दृष्टीने हे लहानसे अंतर महत्त्वाचे ठरले. आयतीतील 'आपण स्वतः' या शब्दांनी अलींचाच निर्देश होतो, असे शिया विद्वान मानतात आणि त्यावरून त्यांच्या इमामतीचा आधार दाखवितात. सुन्नी भाष्यकार चौघांचा सन्मान मान्य करतात, परंतु त्यातून राज्याधिकार निघतो असे मानीत नाहीत. एक वाद मिटविण्यासाठी आलेले वचन दुसऱ्या, अधिक दीर्घ वादाचे प्रमाण बनले.

शिया समाज जिल्हेज महिन्याच्या २४ तारखेस 'ईद-ए-मुबाहिला' साजरी करतो. पैगंबर आणि हे चौघे मिळून 'पंजतन पाक', म्हणजे पाच पवित्र व्यक्ती. कुतुबशाहीच्या काळापासून हैदराबादच्या आशुरखान्यांत ठेवल्या जाणाऱ्या अलमांवर जो पंजा दिसतो, त्याच्या पाच बोटांचा एक अर्थ हाच आहे. महाराष्ट्र-मराठवाड्यातील अनेक गावांत मोहरमचे पंजे हिंदू घराण्यांनीही पिढ्यान्पिढ्या मानाने उचलले आहेत. ती पाच बोटे मदिनेतील त्या सकाळपर्यंत जाऊन पोहोचतात, हे उचलणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल ?

प्रत्यक्षात मुबाहला झालाच नाही. नजरानकरांनी आपसांत मसलत केली. इब्न इसहाकच्या मते आकिबने सांगितले की, पैगंबराशी शापाची पैज लावणाऱ्या समाजातील वडीलधारे उरत नाहीत आणि लहान मुले वाढत नाहीत. धर्म सोडावयाचा नसेल तर तह करून घरी जावे. हे मुसलमान परंपरेने जपलेले कथन आहे, हे ध्यानात ठेवूनच ते वाचले पाहिजे. नजरानच्या बाजूचे समकालीन कथन उपलब्ध नाही. पण त्यांचा निर्णय कोणत्याही हेतूने झालेला असो, तो शहाणपणाचा होता. त्यांनी धर्म राखला, लढाई टाळली आणि लेखी हमी मिळविली. इतकेच नव्हे, तर आपल्या आर्थिक तंट्यांचा निवाडा करण्यास पैगंबरांकडे त्यांच्या विश्वासातील मनुष्यही मागितला, आणि अबू उबैदा बिन अल्-जर्राह यांची त्या कामी रवानगी झाली.

तहाचा मजकूर अबू यूसुफ आणि अल्-बलाजुरी यांच्या ग्रंथांत आलेला आहे. नजरानने वर्षाला २,००० वस्त्रजोड द्यावेत, १,००० रजब महिन्यात आणि १,००० सफर महिन्यात; येमेनमध्ये बंडाळी झाल्यास ३० चिलखते, ३० घोडे आणि ३० उंट उसने द्यावेत; मोबदल्यात त्यांचे जीवित, मालमत्ता, प्रार्थनास्थळे यांस संरक्षण मिळेल, आणि बिशपाला वा संन्याशाला पदावरून दूर केले जाणार नाही. व्याज घेण्यास मात्र मनाई होती. ज्या वादाचा आरंभ शापापासून झाला त्याचा शेवट कापडाच्या गणतीत झाला. इतिहासाला असे शेवट अधिक मानवतात.

मात्र हमी टिकली ती एक पिढीही नव्हे. दुसरे खलिफा उमर यांच्या कारकिर्दीत नजरानच्या ख्रिस्ती लोकांना इराकात हलविण्यात आले. त्यांनी व्याजबट्टा सुरू केला, असे एक कारण दिले जाते. अरबस्तानात दोन धर्म राहू नयेत हे धोरण, असे दुसरे. कूफ्याजवळ त्यांची जी वस्ती झाली तिला 'नजरानिया' हे नाव पडले. जमीन बदलली, पण वस्त्रजोडांचा आकार त्यांच्या मागे लागलाच. अल्-बलाजुरीच्या नोंदीनुसार, आठव्या शतकाच्या प्रारंभी उमर बिन अब्दुल अजीज खलिफा झाले तेव्हा या लोकांची संख्या मूळच्या दहाव्या हिश्शावर आली होती, आणि त्यांनी आकार २०० वस्त्रजोडांवर आणला. शाप उच्चारला गेला नव्हता, तरी समाज असा विरळ होत गेला.

पैगंबरांच्या पश्चात मुबाहल्याचे आव्हान मुसलमानांनी एकमेकांस दिल्याची उदाहरणे आढळतात. त्यांतील सर्वांत विलक्षण उदाहरण गणिताचे आहे. एखादी स्त्री पती, माता आणि सख्खी बहीण मागे ठेवून मरण पावली, तर ठरीव वाट्यांप्रमाणे पतीस अर्धा, बहिणीस अर्धा आणि मातेस एक-तृतीयांश हिस्सा येतो. बेरीज एकाहून अधिक होते. खलिफा उमर यांच्या काळात असा प्रश्न आला तेव्हा सर्वांचे वाटे प्रमाणात कमी करण्याचे ठरले : सहाऐवजी आठ भाग करून पतीस तीन, बहिणीस तीन व मातेस दोन. या रीतीस 'अव्ल' म्हणतात. पैगंबरांचे चुलतबंधू इब्न अब्बास यांना हे मान्य नव्हते. वाळूचे कण मोजू शकणारा ईश्वर एकाच मालमत्तेत दोन अर्धे व एक तृतीयांश ठरवील काय, असा त्यांचा आक्षेप होता. पती व माता यांना पुरा वाटा देऊन उरलेला सहावा हिस्सा बहिणीस द्यावा, असे त्यांचे मत. याविषयी हवे त्याने आपल्याशी मुबाहला करावा, असे ते म्हणाले आणि वारसाहक्काच्या ग्रंथांत हे प्रकरण 'मुबाहल्याचा प्रश्न' म्हणूनच नोंदले गेले. आव्हान कोणी स्वीकारले नाही. सुन्नी कायदा अव्लनेच चालला, शिया कायद्याने अव्ल नाकारला, आणि भारतातील न्यायालयांतही दोन्ही पंथांचे हिशेब आपापल्या रीतीने केले जातात.

पुढील शतकांत धर्मपंडितांनी या विधीस काही मर्यादा घातल्या. पुरावा मांडून झाल्यावरही प्रतिपक्ष हट्ट सोडीत नसेल तरच, आणि धर्माच्या महत्त्वाच्या बाबीतच मुबाहला करावा, असा त्यांचा रोख आहे. इब्न हजर अल्-अस्कलानी (मृत्यू १४४९) यांनी 'फत्ह अल्-बारी' या आपल्या विख्यात भाष्यात असा अनुभव नोंदविला आहे की, खोटा पक्ष मुबाहल्यानंतर वर्षभर जगत नाही, आणि आपल्याशी मुबाहला करणारा एक जण दोन महिन्यांतच गेला. मूळ वचनात नसलेली मुदत येथे अनुभवाच्या नावाने आत शिरली.

इब्न तैमिया यांची रीत मात्र अगदी निराळी. इ. स. १३०५ मध्ये दमास्कसमध्ये रिफाई पंथाच्या फकिरांशी त्यांचा वाद झाला. हे फकीर आगीत शिरून आपले सामर्थ्य दाखवीत. इब्न तैमियांनी सुभेदारासमोर आव्हान दिले की, आपणही त्यांच्याबरोबर आगीत शिरू, जो जळेल त्याच्यावर अल्लाचा शाप. अट एवढीच की, आधी सर्वांनी अंग सिरक्याने आणि कढत पाण्याने धुवावे. फकीर बेडकाची चरबी, नारिंगाची साल इत्यादींचा लेप अंगास लावतात, हे त्यांस ठाऊक होते. फकिरांनी माघार घेतली. ईश्वरी निवाड्यावर श्रद्धा ठेवणारा हा पंडित परीक्षेचे साहित्य आधी तपासून घेण्यास विसरला नाही !

अग्नीच्या या आव्हानाची भारतीय आवृत्ती फतेहपूर सीकरी येथे घडली, आणि तिचा धागा गोव्यास जोडलेला आहे. अकबराने १५७५ मध्ये तेथे इबादतखाना उभारला. प्रथम मुसलमान विद्वानांतच चर्चा होई. पुढे इतर धर्मीयांनाही प्रवेश मिळाला. १५७९ मध्ये उलेमांनी एक महजर करून दिला, त्यानुसार धर्मपंडितांत मतभेद झाल्यास बादशहाचा निर्णय बंधनकारक ठरला. (मराठी न्यायपत्रांतील 'महजर' तो हाच शब्द.) त्याच वर्षी अकबराचे निमंत्रण गोव्याच्या जेझुइटांकडे पोहोचले आणि नोव्हेंबरमध्ये तिघे पाद्री निघाले : इटालियन सरदारकुळातील तरुण रुडोल्फो अक्वाव्हिवा, कॅटलन अंतोनियो मोन्सेरात, आणि दुभाषाचे काम करणारे, मूळचे इराणी, फ्रान्सिस्को एन्रिकेश. मोन्सेरात वाटेत आजारी पडल्याने ग्वाल्हेरनजीकच्या नरवर येथे मागे राहिले आणि काही दिवसांनी येऊन मिळाले. इतर दोघे फेब्रुवारी १५८० अखेर सीकरीस पोहोचले. अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल त्यांनी बादशहास नजर केले, तेव्हा अकबराने ते मस्तकी लावले.

वाद लवकरच अग्नीपर्यंत गेला. एकाने कुराण व दुसऱ्याने बायबल घेऊन आगीत शिरावे, जो सुखरूप बाहेर येईल त्याचा धर्म खरा. हा प्रस्ताव कोणी मांडला आणि कोणी नाकारला, याविषयी तीन समकालीन लेखकांच्या तीन तऱ्हा आहेत.

मोन्सेरात लिहितात की, प्रस्ताव मुसलमानांकडून आला आणि अक्वाव्हिवांनी तो नाकारला, कारण ईश्वराची परीक्षा पाहणे हे पाप होय. इतकेच नव्हे, तर अकबराने पाद्रींना खाजगीत कळविले की, साधुत्वाची बढाई मारणाऱ्या एका मनुष्यास आपणांस धडा शिकवावयाचा आहे. तुम्ही फक्त होकार द्या, आगीत आधी तो जाईल अशी व्यवस्था आपण करू. पाद्रींनी त्यासही नकार दिला. अबुल फजलच्या 'अकबरनाम्या'त नेमके उलटे आहे. तेथे 'पादरी रदीफ' म्हणजे रुडोल्फो स्वतःच बायबलसह आगीत शिरण्यास सिद्ध होतात आणि मौलवी कच खातात. बदायूनी तिसरेच सांगतो : जलेसरचा शेख कुतुब नावाचा अवलिया मोठा जाळ पेटवावयास लावतो, एका फिरंग्यास पकडून चला म्हणतो, पण फिरंग्यांची छाती होत नाही, आणि बादशहा प्रसन्न होण्याऐवजी रागावून शेखालाच इतर फकिरांसह सिंधमधील भक्करला पाठवून देतो.

तिघांपैकी कोणाचे खरे मानावे ? अबुल फजलला मौलवींची फजिती हवी होती, बदायूनीला बादशहाची धर्मभ्रष्टता दाखवावयाची होती. मोन्सेरातचे कथन अधिक विश्वासार्ह वाटते, कारण त्यात स्वतःच्या पक्षाचा पराक्रम नाही. सहधर्मीयांना जो नकार भ्याडपणाचा वाटला असता, तो त्याने लपविलेला नाही. तिन्ही कथनांत एक गोष्ट मात्र समान आहे. आगीत कोणीही शिरले नाही.

अक्वाव्हिवा १५८३ मध्ये गोव्यास परतले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे इतर चार जेझुइटांसह मारले गेले. तेथील गावकऱ्यांची देवळे पोर्तुगीजांनी पाडली होती आणि नवी चर्च उभारण्यास जागा पाहावयास हे पाद्री आले होते. त्यानंतर कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना बोलणीस म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. सीकरीत ज्यांनी देवाकडे निवाडा मागण्याचे नाकारले, त्यांचा शेवट माणसांच्या अशा निवाड्यात झाला. मोन्सेरात पुढे इथिओपियास जाताना अरबांच्या हाती सापडले आणि त्यांनी आपला लॅटिन ग्रंथ १५९० च्या सुमारास येमेनमधील कैदेत पुरा केला. ते हस्तलिखित कैक वर्षे अज्ञातवासात होते. १९०६ मध्ये ते सापडले कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या ग्रंथालयात, आणि फादर होस्टेन यांनी १९१४ मध्ये ते प्रसिद्ध केले. ग्रंथालयाच्या कपाटात एखादे पुस्तक न वाचता पडून असणे म्हणजे ते नष्ट होणे नव्हे, एवढे तरी या हस्तलिखिताने दाखविले.

आधुनिक काळात हा विधी समोरासमोर उभे राहण्याऐवजी छापील पत्रकांतून होऊ लागला. अहमदिया पंथाचे संस्थापक, कादियानचे मिर्झा गुलाम अहमद यांनी आपल्या विरोधकांस मुबाहल्याची आव्हाने दिली. १५ एप्रिल १९०७ रोजी त्यांनी अमृतसरचे मौलाना सनाउल्ला यांच्यासंबंधी एक पत्रक काढून, दोघांपैकी जो खोटा असेल त्यास खऱ्याच्या हयातीत मृत्यू यावा, अशी प्रार्थना प्रसिद्ध केली. मिर्झासाहेब २६ मे १९०८ रोजी लाहोर येथे निवर्तले. मौलाना १९४८ पर्यंत जगले. विरोधकांना यात स्पष्ट निकाल दिसला. अहमदियांचे म्हणणे असे की, मौलानांनी आव्हान स्वीकारलेच नाही, म्हणून मुबाहला घडलाच नाही. १० जून १९८८ रोजी त्याच पंथाचे चौथे खलिफा मिर्झा ताहिर अहमद यांनी लंडनहून आपल्या विरोधकांस मुबाहल्याचे आव्हान दिले. त्यांत पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया-उल्-हक हेही होते, ज्यांच्या १९८४ च्या वटहुकमाने अहमदियांना स्वतःस मुसलमान म्हणवून घेणे गुन्हा ठरविले होते. १७ ऑगस्ट १९८८ रोजी बहावलपूरजवळ विमान कोसळून झिया मरण पावले. अहमदियांनी तो ईश्वरी न्याय मानला; इतरांनी घातपात, यांत्रिक बिघाड अशी कारणे शोधली. त्या विमानात झियांसोबत अनेक सेनाधिकारी आणि अमेरिकेचे राजदूत आर्नोल्ड राफेल हेही होते. राफेल यांचा या वादाशी काहीही संबंध नव्हता.